गरम बॉनेट

ऑइल बदललं आणि दुसऱ्या दिवशी गाडी वाजायला लागली. फार नाही. सिग्नलला थांबलं की बॉनेटखालून टिक्-टिक्-टिक्, कुणीतरी नखाने पत्र्यावर ठेका धरल्यासारखं. गाडी चालू लागली की तो आवाज रस्त्याच्या आवाजात बुडून जायचा, थांबली की पुन्हा वर यायचा. शेजारी बसलेली बायको म्हणाली, "गाडी बोलायला लागली वाटतं." मी रेडिओ मोठा केला. जुन्या गाडीच्या बहुतेक दुखण्यांवर पहिला उपाय हाच असतो आणि तो दोन-तीन दिवस लागूही पडतो.

गाडी सेकंडहँड, माझ्याकडे येऊन जेमतेम दोन महिने झालेले. घेतली तेव्हा मीटरवर १,४८,००० किलोमीटर. त्या दोन महिन्यांत इंजिनाने ब्र काढला नव्हता. सकाळी सुरू करताना पहिले दोन-तीन सेकंद किंचित खडखड व्हायची, पण ती मी थंडीवर ढकलली होती. मग ऑइल बदलायची वेळ आली. नव्या गाडीचे लाड करावेत तशा हौसेने मी मॅन्युअल काढलं. त्याला गाडीच्या कप्प्यातला जुना, दमट वास. त्यात ठळक अक्षरांत ऑइलच्या घट्टपणाचा नंबर लिहिलेला सापडला, १०डब्ल्यू-३०. तेच आणलं, समोर उभं राहून घालून घेतलं, जुनं सगळं निथळेपर्यंत थांबलो. म्हणजे मी सगळं पुस्तकात सांगितलंय तसं केलं आणि गाडी बिघडली, अशी माझी तक्रार होती. तीच घेऊन मेकॅनिककडे गेलो.

त्याने इंजिन चालू ठेवलं. एका लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक व्हॉल्व्ह कव्हरवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. एका जागी ऐकलं, टोक सरकवलं, पुन्हा ऐकलं. मग हात पुसत म्हणाला, "ऑइलने आवाज आला नाही साहेब. आवाज होताच. आधीच्या ऑइलने झाकला होता." थोडं थांबून पुढे म्हणाला, "ट्वेंटी-फिफ्टी असणार, २०डब्ल्यू-५०, घट्ट ऑइल. परवा खाली पडताना बघितलं ना मी, गरम असूनसुद्धा धार केवढी जाड होती."

मला राग यायला हवा होता. गाडी विकणाऱ्याने फसवलं, निदान एवढं तरी मनात यायला हवं होतं. पण आपलंच जुनं अक्षर अचानक दुसऱ्याच्या वहीत दिसावं, तसं काहीतरी झालं.

कारण ही युक्ती मला माहीत होती. मी ती केलेली होती.

आधीच्या गाडीची गोष्ट आहे. तिचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे इंजिनातले भाग, वाजायचे, चढावर मागून निळसर धूर दिसायचा. विकायची ठरली तेव्हा कुणीतरी सहज सांगितलं, घट्ट ऑइल टाक, आवाज बसतो. मी टाकलं. आवाज खरोखर बसला. इतका, की क्षणभर मला गाडी विकू नये असं वाटलं. घेणारे दहाला येणार होते, मी साडेनऊला गाडी एक फेरी मारून आणली. ते आले. नवराबायको, तरुण, पहिलीच गाडी घेणारे. तिच्या हातात छोटी वही होती आणि वहीत प्रश्न लिहून आणलेले. तिने बॉनेटवर तळहात ठेवला. "गरम आहे," म्हणाली. "आत्ताच जाऊन आलो," मी म्हणालो. ते खरं होतं. "ऑइल कुठलं घालता?" तिने विचारलं. मी कंपनीचं नाव सांगितलं. तेही खरं होतं. नंबर तिने विचारला नाही आणि मी सांगितला नाही. तिने वहीत कंपनीचं नाव लिहून घेतलं. स्पेलिंगसकट.

त्या नंबरांचा अर्थ मला तेव्हा पुरता कळत नव्हता, आवाज बसतो एवढंच कळत होतं. आता नव्याने वाचायला बसलो. आधी कळलं की 'डब्ल्यू' म्हणजे वजन नव्हे, हिवाळा. इतकी वर्षं मी छातीठोकपणे उलटं सांगत आलो होतो. डब्ल्यूच्या आधीचा आकडा तेल थंडीत कसं वागतं ते सांगतो. इंजिन फिरवताना ते किती आडवं येतं याची परीक्षा १०डब्ल्यूला उणे २५ अंशांवर द्यावी लागते, २०डब्ल्यूला उणे १५वर. नंतरचा आकडा गरम तेलाचा. १०० अंश सेल्सिअसला ३० नंबरच्या तेलाची विष्यंदिता, म्हणजे घट्टपणा, ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्समध्ये (हे घट्टपणाचं माप) बसावी लागते आणि ५० नंबरच्या तेलाची १६.३ ते २१.९मध्ये. हे कोष्टक एसएईचं, म्हणजे अमेरिकेतल्या मोटार इंजिनिअरांच्या संस्थेचं. त्याची पहिली आवृत्ती १९११ची. आकडे रुक्ष आहेत, पण त्यांतला फरक बघा. तापलेल्या इंजिनात पन्नास नंबरचं तेल तीस नंबरच्या तेलापेक्षा जवळजवळ पावणेदोन पट घट्ट असतं. झिजलेल्या दोन भागांमधली वाढलेली फट ते गादीसारखं भरून काढतं. धातूवर धातू आपटायचा तो गादीवर आपटतो. फट तेवढीच राहते, आपल्या कानापर्यंत फक्त पोचत नाही.

आणि हे गरम इंजिनात. थंड इंजिनात नेमकं उलटं. घट्ट तेल पंपाला ओढायला जड, अरुंद वाटांतून वर चढायला वेळ लावणारं. तेवढा वेळ वरचे भाग रात्रभर निथळून उरलेल्या तेलाच्या पुसट थरावर चालतात. मी थंडीवर ढकललेली सकाळची खडखड ती हीच असणार. म्हणून घट्ट तेल घातलेली गाडी दाखवायची तर आधी तापवावी लागते. तेल आणि ती साडेनऊची फेरी, दोन्ही मिळून ती युक्ती पुरी होते. ही गाडी बघायला मी गेलो होतो तेव्हाही बॉनेट गरम होतं. मी हात ठेवला होता. मला आठवतंय, कारण हात ठेवताना मला ती वहीवाली मुलगी आठवली होती. तरी मी काही बोललो नाही. गाडीचा रंग मला आवडला होता.

मग ऑइल कुठलं घालायचं? मेकॅनिकला विचारलं तर त्याने उलट मलाच विचारलं, "पिते किती?"

मला सांगता येईना. तीन रात्री जागून मी तेलांबद्दल वाचलं होतं. तेलात मिसळलेल्या पॉलिमरचे लांबलचक रेणू थंडीत अंग चोरून बसतात आणि उष्णतेत पसरतात, म्हणून एकच तेल दहाही असतं आणि तीसही. हजारो किलोमीटर गियरच्या दातांत आणि पिस्टनच्या रिंगांखाली चिरडून ते रेणू तुटतात, म्हणून तेलाचा दुसरा आकडा वापरता वापरता खाली घसरतो. झीज थांबवणारं जस्त-फॉस्फरसचं रसायन तेलात असतं, पण त्यातला फॉस्फरस धुराबरोबर जाऊन धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतो, म्हणून अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने, म्हणजे एपीआयने, तेलांसाठी ठरवलेल्या २००४च्या एसएम श्रेणीपासून पातळ ग्रेडच्या तेलांत त्याची मर्यादा ०.०८ टक्क्यांवर आणली. कन्व्हर्टर नसलेल्या, सपाट टॅपेटच्या फार जुन्या इंजिनांच्या मालकांनी त्यावर केलेली बोंबाबोंबही मी वाचली होती. एवढं सगळं माहीत, आणि माझ्या स्वतःच्या गाडीत दोन चेंजच्या मध्ये किती तेल कमी होतं, ते माहीत नाही. डिपस्टिक मी दोनदाच ओढली होती. एकदा घेताना आणि एकदा मेहुण्याला दाखवायला.

"आधी मोजा," तो म्हणाला. "मग बघू."

तेव्हा मी एक वही केली. सकाळी, थंड इंजिन, सपाट जागा. काडी ओढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा ओढायची. बहुतेक गाड्यांत वरच्या आणि खालच्या खुणेमधलं अंतर म्हणजे साधारण एक लिटर, त्यामुळे अंदाज बांधता येतो. पहिल्या आठवड्यात मला काडीवरचं नवं तेल दिसायचंच नाही, इतकं ते पारदर्शक. उजेडात तिरकं धरावं लागायचं. मग ते मधाच्या रंगाचं झालं, मग विटकरी, मग काळपट. पूर्वी मी तेल काळं झालं की घाबरायचो. खरं तर काळं होणं हे त्याचं कामच आहे, काजळी उचलून स्वतःत धरून ठेवायची आणि भिंतींना चिकटू द्यायची नाही. महिनोन्‌महिने स्वच्छ दिसणाऱ्या तेलाचाच संशय घ्यावा. बोटांवर त्याचा वास राहतो. तापलेल्या लोखंडाचा आणि किंचित गोडसर. दोनदा साबण लावूनही दुपारपर्यंत जात नाही. सकाळी फडकं घेऊन बॉनेटखाली वाकलेल्या मला बघून शेजाऱ्यांना काय वाटायचं कुणास ठाऊक. मला मात्र त्याची सवय लागली. आवाजही मोजू लागलो. गाडी गरम झाली की टिकटिक स्पष्ट. गार असताना कमी. मागून येणारा धूरही बघू लागलो. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी पहिल्याच दमात निळसर भपका, मग काही नाही.

१,९०० किलोमीटरमध्ये एक लिटर. आकडा सांगितला तेव्हा मेकॅनिकने फारसं मनावर घेतलं नाही. काही उत्पादक हजार किलोमीटरला एक लिटरपर्यंत चालवून घेतात, त्यामानाने माझी गाडी मितपानी. पण सकाळच्या भपक्याचं सांगितल्यावर त्याने मान डोलावली. व्हॉल्व्हची सीलं. रबर वर्षानुवर्षं भाजून कडक होतं, रात्री तेल थेंबथेंब खाली झिरपतं आणि सकाळी जळतं. रिंगा गेल्या असत्या तर जोर लावताना धूर आला असता. माझ्या आधीच्या गाडीसारखा. तिचा चढावरचा धूर मला आठवला. त्या नवराबायकोचं घर चढावर होतं का, हे मी तेव्हा विचारलं नव्हतं.

या रबराच्या निमित्ताने आणखी एक भानगड कळली. सिंथेटिक तेल घातलं की जुनी गाडी गळते, असं ठामपणे सांगणारे लोक सगळ्यांनाच भेटलेले असतात. मला वाटायचं ही निव्वळ गावगप्पा. तर ती पुरती गप्पा नाही. मोबिल १ हे सिंथेटिक तेल १९७४ साली बाजारात आलं. त्या सुरुवातीच्या काळात, ज्या कृत्रिम तेलावर अशी ऑइल्स बेतलेली असतात ते तेल रबराला आक्रसवायचं; खनिज तेलात थोडं फुगून बसलेलं सील त्यात लहान व्हायचं आणि गळायला लागायचं. पुढे सीलं फुगती राहावीत म्हणून त्यात एस्टर मिसळू लागले आणि तो दोष गेला. पण गप्पा राहिली. शिवाय दुसरंही एक कारण आहे. चांगलं तेल घाण धुतं आणि जुन्या इंजिनात घाणीनेच काही फटी बुजलेल्या असतात. मेकॅनिकच्या भाषेत, "किटणच पॅकिंग झालेलं असतं." म्हणूनच फ्लशिंगच्या बाटलीला त्याने साफ नकार दिला. जमलेलं किटण एकदम सुटलं की ते खालच्या तेलाच्या चेंबरमधल्या जाळीवर जाऊन बसतं आणि वर तेल चढायचंच थांबतं. हळूहळू निघालं तर निघू दे, एकदम नको. मला हे पटलं. का कोण जाणे, जरा जास्तच पटलं.

डब्यांवरची नावं वाचण्यात मी बराच वेळ घालवला, उगाचच. कॅस्ट्रॉल हे नाव मूळचं एरंडेलावरून, कॅस्टर ऑइलवरून पडलेलं, हे कळलं तेव्हा मला हसू आलं. मूळ एरंडेल आपल्याला एकाच कामासाठी माहीत. पण पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या फिरत्या इंजिनांना हेच तेल लागायचं. वंगण म्हणून उत्तम, पण तापलं की चिकट होऊन डिंकासारखं बसणारं. वैमानिक त्याचा धूर तासन्‌तास श्वासातून घ्यायचे आणि परिणाम जे व्हायचे ते व्हायचे, असं सांगतात. मग डब्याच्या पाठीवरचं एपीआयचं ते गोल कडं. त्यात पेट्रोल इंजिनांसाठी एस आणि पुढे एक अक्षर. अक्षर जितकं पुढचं तितकं तेल नवं. एसएन २०१०चं, एसपी २०२०चं. नवं अक्षर जुन्याचं काम करतं, म्हणून माझ्या गाडीच्या मॅन्युअलमधलं मागचं अक्षर शोधत फिरायची गरज नव्हती. आणि मग ते 'हाय मायलेज'वाले डबे. व्हॅल्व्होलिनने २००० साली मॅक्सलाइफ आणलं तेव्हापासूनचा हा प्रकार. ७५,००० मैलांच्या, म्हणजे साधारण १,२०,००० किलोमीटरच्या पुढच्या गाड्यांसाठी. रबर मऊ करून किंचित फुगवणारी द्रव्यं, धुणारी रसायनं थोडी जास्त. मला आधी ही जाहिरातबाजी वाटली. निम्मी आहेही. फाटलेलं सील कुठलंच तेल शिवून देत नाही. पण कडक होत आलेल्या सीलाला त्याने थोडा फरक पडतो, हे मेकॅनिकनेही मान्य केलं. तसा तो सहसा काही मान्य करत नाही.

पण मला खरा धक्का मॅन्युअलने दिला. ठळक अक्षरातला १०डब्ल्यू-३० मी वाचला होता, पान उलटलं नव्हतं. मागच्या पानावर एक तक्ता होता. खाली तापमानाची पट्टी आणि वर आडवे दांडे, प्रत्येक ग्रेडचा एक. हवामान कसं, त्याप्रमाणे १०डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-४०, १५डब्ल्यू-४०. आणि सगळ्यात वर, फक्त उष्ण हवेसाठी, २०डब्ल्यू-५०.

म्हणजे ज्याने मला गाडी विकली त्याने कदाचित काहीच झाकलं नव्हतं. त्याने पान उलटलं असेल, तक्ता बघितला असेल, उन्हाळ्यात वीस-पन्नास घातलं असेल आणि तेच चालू ठेवलं असेल. गरम बॉनेटचं काय? तो खरंच कुठूनतरी आला असेल. माणसं गाडी चालवतात. मी दोन महिने त्याला मनातल्या मनात माझ्यासारखा समजत होतो आणि त्याला त्यासाठी माफही करत होतो, अगदी मोठ्या मनाने. आता ते माफ करणंही हातात राहिलं नाही. राहिला तो माझा साडेनऊचा फेरा. त्याला कुठल्याही तक्त्यात दांडा नाही.

शेवटी जे केलं ते असं. आधी टॅपेट सेट करून घेतले. थंड इंजिनावर, फीलर गेजच्या, म्हणजे फट मोजायच्या, पातळ पात्या एकेका फटीत घालून. फट असायला हवी कागदाच्या दोन पदरांएवढी. दोन ठिकाणी ती बरीच वाढलेली निघाली. मग व्हॉल्व्हची सीलं बदलली. सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून व्हॉल्व्ह वर धरून ठेवतात, त्यामुळे हेड उतरवावं लागत नाही, हे मी पहिल्यांदा पाहिलं. निघालेली जुनी सीलं त्याने माझ्या हातावर ठेवली. रबर कसलं, नखाने दाबलं तर टचकन तुटलं. ऑइल प्रेशरचं मीटर लावून तापल्या इंजिनाचा दाब बघितला. तो ठीक होता; तो ठीक नसता तर बेअरिंगचा विषय निघाला असता आणि मग कुठलंही तेल म्हणजे पुन्हा पांघरूणच झालं असतं. हे सगळं झाल्यावर १०डब्ल्यू-४०, हाय मायलेज. तक्त्यात बसणारं, थंडीत दहाच राहणारं, गरमीत एक पायरी घट्ट. मेकॅनिकला विचारलं, वीस-पन्नास का नको, आवाज पूर्ण जाईल की. तो म्हणाला, "जाईल. मग पुढच्या वेळी तुम्हाला कळणार कसं?"

सकाळचा भपका गेला. पुढच्या दोन हजार किलोमीटरमध्ये तीनशे मिलिलिटरच्या आसपास कमी झालं. टिकटिक पूर्ण गेली नाही. कॅमही, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारा फिरता भागही, थोडा झिजलाय, तो म्हणतो, राहू द्या. बायकोला आता ती ऐकू येत नाही, किंवा ती तसं म्हणते. मला येते. रेडिओ लावलेला असला तरी सिग्नलला माझा हात आपोआप आवाज कमी करायला जातो.

त्या वहीवालीचा नंबर माझ्या फोनमध्ये अजून आहे. 'गाडी घेणारे' या नावाने. मध्यंतरी एकदा फोन बदलला तेव्हा तो पुसायचा राहून गेला, असं मी स्वतःला सांगतो. फोन करून म्हणणार काय? ऑइल कुठलं घालता, एवढंच विचारता येईल. आणि त्यांनी ती गाडी केव्हाच विकली असेल. कुणाला, काय सांगून, ते त्यांचं त्यांना माहीत.

आज सकाळी काडी ओढली. वहीत लिहिलंय: १,५३,४६०. थंड इंजिन. १०डब्ल्यू-४०. वरच्या खुणेच्या दोन बोटं खाली, रंग विटकरी. धूर नाही. गरम झाल्यावर टिकटिक आहे.